शाळेचा मळा आणि त्याचा जमाखर्च

विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात भाजीपाला लावावा, त्यास विकतचे रासायनिक खत न घालता शाळेतच कुजविलेले सेंद्रिय खत घालावे, आलेला माल विकावा आणि त्या व्यवहाराचा जमाखर्चही स्वतःच ठेवावा, ही कल्पना अलीकडे आपल्याकडील शिक्षणविषयक चर्चेत वारंवार ऐकू येऊ लागली आहे. २०१९ साली केंद्र शासनाने शाळांतील पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस व्यवसायपरिचयास द्यावेत असे सुचविले. आणि परसबाग हा आपल्या आजीच्या तोंडचा शब्द शाळांच्या वार्षिक अहवालांत येऊन बसला. सुशिक्षित घरांतून या कल्पनेविषयी दोन मते आढळतात. काहींना ती अगदी अभिनव वाटते व तीमुळे मुलांना लहानपणीच उद्योगाचे वळण लागेल अशी आशा वाटते. उलटपक्षी, आपली मुले शाळेत शिकावयास जातात, खुरपे धरावयास नव्हे, अशी दुसऱ्यांची तक्रार असते. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. ही कल्पना नवी नाही. तिला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात मुलाने खुरपे धरावे की नाही हा वादाचा मुद्दा क्वचितच झाला आहे. त्याच्या खुरप्याने जे पिकले ते कोणाच्या खाती जमा व्हावे, यावरच खरा वाद झाला आहे. त्या इतिहासाचे थोडे दिग्दर्शन करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रारंभ स्वित्झर्लंडपासून करणे प्राप्त आहे. शिक्षणशास्त्राचा एक आद्य प्रवर्तक म्हणून ज्याचे नाव आज आदराने घेतले जाते, त्या पेस्टालॉझीने १७७४ साली नॉयहोफ येथील आपल्या शेतावर गोरगरिबांची, रस्त्यावर भीक मागणारी मुले आणून ठेवली. उन्हाळ्यात त्यांनी बागेत व शेतात काम करावे, हिवाळ्यात सूत कातावे, काम चालू असतानाच त्यांना वाचन-गणित शिकवावे, आणि मुलांच्या कमाईतून संस्थेचा खर्च भागावा, असा त्याचा हिशेब होता. हिशेब कागदावर बिनचूक होता. परंतु मुले अशक्त होती, त्यांच्या हातांस कामाची सवय नव्हती, आणि अंगावर बरे कपडे चढून चार दिवस पोटभर अन्न मिळाले की आईबाप त्यांना घरी घेऊन जात. १७८० साली संस्था बंद पडली व पेस्टालॉझी कर्जात बुडाला. त्याच्या अंतःकरणाविषयी कोणास शंका घेता येणार नाही. तथापि ज्या संस्थेचा चरितार्थ मुलांच्या मिळकतीवर अवलंबून आहे, तिला त्या मुलांचे शिकणे लांबणीवर टाकण्याचा मोह रोज होतो, हा धडा नॉयहोफने पहिल्यांदा घालून दिला.

पुढे पेस्टालॉझीच्याच परंपरेतल्या फ्रॉबेल या जर्मन शिक्षकाने बालोद्यान काढले. त्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक छोटा वाफा असे व सर्वांचा मिळून एक समाईक वाफाही असे. येथे विक्रीचा प्रश्नच नव्हता. बी रुजताना पाहणे हेच फळ. १८६९ साली ऑस्ट्रियाने कायदा करून खेड्यांतील शाळांना बागेची जोड दिली. अशा रीतीने युरोपात शाळेच्या मळ्याचे दोन प्रवाह झाले. एकात मळा हे शिकण्याचे साधन होते, दुसऱ्यात ते कमाईचे. हे दोन प्रवाह एका ठिकाणी आणण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मात्र युरोपात न होता अमेरिकेच्या दक्षिण भागात झाला, आणि तो करणारा मनुष्य गुलामगिरीत जन्मलेला होता.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १८८१ रोजी अलाबामा संस्थानातील टस्कीगी गावी निग्रो विद्यार्थ्यांसाठी शाळा उघडली, तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. लवकरच त्यांनी गावाजवळचा शंभर एकरांचा एक ओसाड मळा पाचशे डॉलरांस ठरविला. जवळ दमडी नव्हती; हॅम्प्टन येथील ज्या संस्थेत ते स्वतः शिकले होते, तिच्या खजिनदाराने आपल्या खाजगी पैशांतून अडीचशे डॉलर उसने दिले, आणि पाच महिन्यांच्या आत सगळी रक्कम फिटली. मळ्यावरचा जुना घोड्यांचा तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे झाडून-सारवून त्यांत वर्ग भरू लागले. जमीन साफ करून पीक काढावयाचे ठरताच विद्यार्थी कुरकुरू लागले. त्यांपैकी पुष्कळ जण पूर्वी शिक्षकाचे काम केलेले होते. शिकलेल्या माणसाने रान तोडावे हे त्यांच्या प्रतिष्ठेला पटेना. तेव्हा वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन रोज दुपारी रानात जाऊ लागले. गुरुजी कुऱ्हाड चालवितात हे पाहून विद्यार्थ्यांची लाज मोडली आणि सुमारे वीस एकर जमीन लागवडीस आली.

पुढे याच विद्यार्थ्यांनी विटांची भट्टी घातली. तीन वेळा भट्टी फसली. चौथ्या खेपेस वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण टाकून पंधरा डॉलर उभे केले आणि भट्टी साधली. विटा उत्तम निघाल्या म्हणून आसपासचे गोरे लोकही त्या विकत घेऊ लागले. ज्यांना ही शाळा मुळातच नको होती, त्यांनाही तिच्याशी व्यवहार करणे भाग पडले. मालाच्या विक्रीत केवढे सामाजिक सामर्थ्य असते हे टस्कीगीने दाखविले, आणि शाळेच्या उद्योगाविषयी बोलताना ही जमेची बाजू विसरून चालणार नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. १८८४ साली टस्कीगीत रात्रीचे वर्ग निघाले. ज्या विद्यार्थ्यांपाशी जेवणखाणाचेही पैसे नसत त्यांनी दिवसा दहा तास काम करावे व सायंकाळी दोन तास शिकावे, असा नियम होता. त्यांच्या कमाईचा बराचसा भाग संस्थेपाशी जमा राही व पुढे दिवसाच्या वर्गात गेल्यावर त्यांच्या खर्चास लागे. निराधार मुलाला शिक्षणाचे दार उघडे करून देणारी अशी ही योजना होती यात संशय नाही. परंतु दहास दोन हे प्रमाण ध्यानी घेतले म्हणजे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ साली आपल्या ग्रंथात वॉशिंग्टन यांच्या धोरणावर केलेली टीका समजते. केवळ धंदेशिक्षणावर भर देऊन उच्च शिक्षणाची व नागरिकत्वाच्या हक्कांची मागणी मागे सारणे हे आपल्या लोकांना कायमचे खालच्या पायरीवर बसविणे होय, असा त्यांच्या टीकेचा मथितार्थ होता. हा वाद दोन थोर पुरुषांच्या स्वभावभेदातून निघालेला नव्हता. विद्यार्थ्यांच्या श्रमावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेत तो निघावयाचाच.

त्याच टस्कीगीत १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे कृषिशास्त्राचे अध्यापक म्हणून आले. कापसाच्या पिकाने वर्षानुवर्षे पिळून काढलेली तेथील जमीन निकस झाली होती आणि गरीब शेतकऱ्याला विकतचे खत परवडत नव्हते. कार्व्हर यांनी दलदलीतील काळा गाळ, रानातला पालापाचोळा, शेणखत आणि चवळीसारखी द्विदल पिके यांच्या साहाय्याने जमीन सुधारण्याचे प्रयोग चालविले, आणि १९०५ साली निकस जमिनी पुन्हा कशा कसदार कराव्या याविषयी एक लहान पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेला उपकरणे नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांना उकिरड्यावर नेऊन फुटक्या बाटल्या व मोडकी भांडी गोळा करविली आणि त्यांतून उपकरणे तयार केली. परंतु संस्थेच्या शेतीचा व कोंबड्यांचा कारभारही त्यांच्याकडेच होता, आणि उत्पन्नाचा हिशेब जुळेना म्हणून त्यांचे आणि वॉशिंग्टन यांचे वारंवार खटके उडत. भटारखान्याला अंडी व भाजी वेळेवर हवी असे. शिक्षकाला प्रयोगासाठी व शिकविण्यासाठी अवसर हवा असे. एकाच मळ्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत, आणि दोन्ही आपापल्या परीने रास्त होत्या.

टस्कीगीचा आणि आपला संबंध दक्षिण आफ्रिकेच्या मार्गाने आला. तेथे नाताळमध्ये जॉन डुबे या झुलू पुढाऱ्याने टस्कीगीचे उदाहरण समोर ठेवून ओहलांगे येथे शाळा काढली होती. तिच्याच शेजारी १९०४ साली गांधीजींनी फिनिक्सची वसाहत स्थापन केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात वॉशिंग्टन यांच्या चरित्रावर लेख आला होता. पुढे १९१० साली कॅलनबाख यांनी दिलेल्या अकराशे एकरांच्या टॉलस्टॉय फार्मवर सत्याग्रहींची मुले सकाळी खड्डे खणीत, झाडांना पाणी घालीत, आणि दुपारी शिकावयास बसत. दुपारच्या त्या वर्गात श्रमलेल्या मुलांचे डोळे मिटत आणि शिक्षकांनाही डुलकी येई, हे गांधीजींनी स्वतःच प्रांजळपणे नमूद केले आहे. श्रम आणि शिक्षण यांचा मेळ दिवसाचे दोन तुकडे पाडून बसत नाही, हे येथे दिसून आले. श्रमातूनच शिक्षण निघाले पाहिजे हा पुढचा विचार या अनुभवाला धरूनच आहे.

येथवर मुलांच्या श्रमाचा विचार झाला. मातीचा विचार स्वतंत्रपणे चालला होता, आणि त्याचे केंद्र आपल्या अगदी जवळ होते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले आणि १९२४ पासून इंदूर येथील संस्थेत त्यांनी खताचे प्रयोग केले. १९३१ साली त्या प्रयोगांचे फलित सांगणारा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासाच्या पहिल्याच पानावर हे नाव असूनही महाराष्ट्रात ते फारसे कोणास ठाऊक नसावे, हे चमत्कारिक होय. त्यांची रीत सोपी आहे. पालापाचोळा, धसकटे व तण, गुरांचे शेण, गोठ्यातील मुतारीची माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात द्यावयाचे, ओल राखावयाची, आणि तीन वेळा खालीवर करावयाचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, वास नसलेले खत तयार होते. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत केलेच पाहिजे, हे यामागील तत्त्व. हॉवर्ड त्याला परतफेडीचा नियम म्हणत. १९३५ साली गांधीजी इंदूरला गेले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून खताच्या या रीतीचा प्रसार केला.

या पार्श्वभूमीवर २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षणपरिषदेकडे पाहिले पाहिजे. प्राथमिक शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारे, मातृभाषेतून, सात वर्षे द्यावे, आणि मुलांच्या उत्पादनातून निदान शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची सूचना होती. दारूबंदीमुळे सरकारी उत्पन्न घटणार आणि शिक्षणाला पैसा नाही, अशा पेचातून त्यांना वाट काढावयाची होती. तथापि स्वावलंबन ही त्यांच्या दृष्टीने केवळ काटकसर नव्हती. मुलाने केलेली वस्तू खपते की नाही ही त्याच्या शिक्षणाच्या खरेपणाची कसोटी होय, असे ते मानीत. याला परिषदेतच विरोध झाला. प्रो. के. टी. शहा यांनी असे आक्षेप घेतले की, आरंभापासूनच कमाईकडे दृष्टी ठेविली तर मुलांमध्ये बाजारी वृत्ती शिरेल, त्यांना एक प्रकारची गुलामी भोगावी लागेल, आणि ज्या कारागिराला कच्चा माल व जागा स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते त्याच्याशी ही शाळा अन्यायाची स्पर्धा करील. हे आक्षेप ऐकून घेतले गेले, आणि योजना तयार करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमण्यात आली तीत शहांनाही घेण्यात आले, ही गोष्ट त्या काळाला भूषणावह आहे.

त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी समितीने आपला अहवाल दिला. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे आणि मातृभाषेला ४० मिनिटे दिलेली होती. वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरले होते. फळबाग व भाजीपाला यांची लागवड हा मूलोद्योगांपैकी एक म्हणून मान्य झाला. परंतु याच अहवालात समितीने स्पष्ट इशारा दिला आहे की, आर्थिक बाजूवर भर देऊन सांस्कृतिक व शैक्षणिक हेतूंचा बळी दिला जाण्याचा धोका या योजनेत उघड दिसतो. शिक्षकाने आपले लक्ष मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याकडे लावले तर योजना फसलीच म्हणून समजावे. योजनेच्या कर्त्यांनीच योजनेवर घेतलेला हा आक्षेप विरोधकांच्या सर्व टीकेपेक्षा अधिक मोलाचा आहे.

सेवाग्राम येथे आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने ही योजना चालविली. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात राहून आलेल्या या दोघांना श्रमात आनंद कसा आणावा हे ठाऊक होते. तेथे सफाई, खताचे खड्डे, भाजीचे वाफे, स्वयंपाकघर आणि हिशेबाची वही ही एकाच साखळीची कडी होती. स्वयंपाकघरातील साली व मैला खड्ड्यात जात, त्यांचे खत होई, खतावर भाजी येई, भाजी मुलांच्याच पानात पडे. माणशी किती भाजी हवी, तेवढीसाठी किती वाफे लागतील, त्यांना किती पाणी व खत लागेल, यांतून मुलाला गणित, आहारशास्त्र आणि रसायन एकदमच भेटत. बाजाराचा संबंध सर्वांत शेवटी येई. प्रो. शहांच्या आक्षेपाला कृतीने दिलेले हे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. शाळेच्या मळ्याचे पहिले गिऱ्हाईक शाळेचे स्वयंपाकघर असले म्हणजे मंडईत पाटी घेऊन बसणाऱ्या माळणीच्या पोटावर पाय येत नाही.

याच काळात साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचत होते. १९१९ साली काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ साली साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, आणि शेतीपासून दगड फोडण्यापर्यंत कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही योजना सुप्रतिष्ठित झाली. येथे मुलाचा श्रम त्याच्याच शिक्षणाच्या खाती जमा होत होता, आणि शिकून तो मुलगा वकील, शिक्षक, न्यायाधीश होऊ शकत होता. पायरी वर जाणारी होती. डु बॉइस यांनी ज्या धोक्याकडे बोट दाखविले होते तो येथे टळला.

मग नई तालीम मावळली का? आमच्या मते तिच्या पराभवाचे मुख्य कारण आम्ही, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्ग, हेच होय. आम्ही तिची तोंडभर स्तुती केली आणि आपली मुले मात्र इंग्रजी शाळांत घातली. ज्या शाळेत फक्त गरिबांचीच मुले खुरपे धरतात, ती शाळा गरिबांना गरीब ठेवण्याचे साधन आहे असा संशय गरिबांना आला तर त्यांचा दोष काय? त्यातच अनेक ठिकाणी सरकारी खात्याने आकडे मागितले आणि शिक्षकांनी आकडे पुरविले. वाफ्यात काय रुजले हे विचारणारा कोणी उरला नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभव या नावाने तिचा काही अंश ठेविला, आणि शाळांनी त्याचा आठवड्याचा एक तास करून टाकला. तथापि बी सर्वस्वी मेले नाही. २००५ साली सेवाग्रामच्याच आवारात आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली आणि तेथे मुले आजही माती हाताळीत आहेत.

या इतिहासावरून आज शाळेत भाजीचा उद्योग काढू इच्छिणाऱ्यांस काही सांगावयाचे असेल तर ते जमाखर्चाच्याच भाषेत सांगता येईल. असल्या उद्योगाच्या वहीत बहुधा बियाणे व अवजारे यांचा खर्च मांडतात आणि विक्री जमेस धरून मोठा नफा दाखवितात. परंतु जमीन शाळेची, पाणी शाळेचे, शिक्षकाचा पगार शासनाचा, आणि मुलांची मजुरी शून्य! हा नफा खोटा होय. मुलांना जर व्यवहार शिकवावयाचा असेल तर जमिनीचे भाडे, पाण्याची पट्टी आणि स्वतःच्या श्रमाचे मोल हे खर्चाच्या बाजूस लिहावयास लावावे. असे केल्यास कदाचित मेथीची जुडी तोट्यात गेलेली दिसेल. तो तोटा मुलांना दिसणे हे शंभर रुपयांच्या नफ्यापेक्षा अधिक मोलाचे शिक्षण आहे. कारण त्यानंतर बाजारात जुडीचा भाव पाडून मागताना त्यांचा हात अडखळेल. वही मुलांच्या हाती असावी, शिलकेचा विनियोग मुलांनीच ठरवावा, आणि श्रीमंताचे मूल व गरिबाचे मूल यांचे खुरपे एकाच वाफ्यात चालावे, एवढ्या गोष्टी सांभाळल्या तर मुलांना मजूर केल्याचा आरोप येणार नाही.

हॉवर्ड व वाड यांनी मातीविषयी जो नियम सांगितला तोच येथेही लागू आहे. कापसाने अलाबामाची जमीन निकस केली, कारण जे घेतले ते परत केले नाही. मुलाच्या हातून शाळेने जे घेतले त्याच्या मोबदल्यात त्याला ज्ञान, आरोग्य आणि आपल्या कमाईवरचा अधिकार परत मिळत असेल, तर शाळेचा मळा खुशाल वाढवावा. ते मिळत नसेल, तर खत कितीही सेंद्रिय असो, तो मळा निकस झाला असेच म्हणावे लागेल.